इंदूकाकीने लावलेल्या शेपट्या

इंदूकाकी सकाळचा चहा उभ्यानेच प्यायची. मग ओटीवरच्या कॉम्प्युटरवरचा फडका काढायची, पदर खोचायची आणि खुर्ची ओढताना म्हणायची, "बघूया, मेलो आज काय करता तो."

मेलो म्हणजे बाबल वायंगणकर, तिचा चुलतदीर. गडग्यापलीकडेच, म्हणजे दगडी कुंपणाच्या पलीकडेच राहायचा. त्याला बघायचं तर खिडकी होती. पण काकी खिडकीतून कधी बघत नसे. ती त्याला इंटरनेटवर बघायची, आणि तिथून तिने त्याला जे दाखवलं ते खिडकीतून कुणालाच दाखवता आलं नसतं.

मी तिच्याकडे कामाला होते. मूळची लातूरकडची, आठवीत शाळा सुटलेली. नवरा रेडीच्या बाजूला खाणीच्या डंपरवर लागला म्हणून आम्ही या मुलखात आलो, आणि तो पंधरा-पंधरा दिवस तिकडेच राहायला लागल्यावर मी मालवणच्या किनाऱ्यावर, माडांच्या त्या वाडीत, काकीच्या मागच्या पडवीत येऊन पडले. काकीच्या घरी पर्यटक उतरायचे. तीन खोल्या, दोन वेळचं जेवण. मला सगळ्याची भीती वाटायची. समुद्राच्या आवाजाची, माशाच्या उघड्या डोळ्याची, आणि सगळ्यात जास्त म्हणजे काकी उद्या 'जा' म्हणेल याची. ती म्हणायची, "तुका मेलेल्या माशाची भीती वाटता आणि जित्या माणसाची वाटणा नाय. उलटां आसा तुझां. बस हय, टायपिंग शिक."

माणसांना ती दोन-तीन शब्दांत बांधून ठेवायची. दूधवाला आला की आतून म्हणायची, "पाणी, सायकल, खोटी शपथ इली गो, भांडां घी." मला तिने पहिल्या आठवड्यातच बांधलं होतं: "भाकरी, घाबरट, खोटां नाय बोलणारी." मी त्या तिसऱ्या शब्दावर बरीच वर्षं जगले.

ही खोड तिची जुनीच. तिला वाट मिळाली ती एका पुण्याच्या पाहुणीमुळे. दोन हजार सातच्या सुमाराची गोष्ट. ती मुलगी लॅपटॉप घेऊन आठवडाभर राहिली होती. तिने काकीला एक साइट दाखवली. इंटरनेटवरचं आवडलेलं पान तिथे साठवायचं, आणि त्याला आपल्याला सुचतील ते शब्द जोडायचे. त्या शब्दांना टॅग म्हणतात. तोच शब्द दाबला की त्या शब्दाची सगळी पानं समोर, आपली आणि जगातल्या इतरांनी साठवलेलीही. आणि एकच पान किती जणांनी साठवलंय तो आकडाही शेजारी दिसतो.

काकीने टॅगला पहिल्याच दिवशी 'शेपटी' म्हटलं. तिचं माहेर मासळीवाल्यांचं. मला समजावताना म्हणाली, "बाजारात बांगडो एका पाटयेत टाकलंस की तो थंयच रवता. हयसर तोच बांगडो दहा पाटयांनी, आणि कुसणा नाय. जितक्यो शेपट्यो लावशीत, तितक्या पाटयांनी तो गावतलो."

सुरुवातीला शेपट्या चांगल्याच होत्या. हवामानाचं पान, भरती-ओहोटीचं पान, काजूबोंडाच्या सरबताची कृती. मी टाइप करायचे, ती सांगायची. एका केकच्या पानाला तिने 'गोड', 'अंडी', 'करूचो-नाय' अशा तीन शेपट्या लावल्या. मी म्हटलं, करायचा नाही तर साठवायचा कशाला? म्हणाली, "करूचो नाय ह्यां इसारलंय तर?"

मग ते पाहुणे आले.

दुपारचं ऊन होतं. नवरा, बायको, दोन मुलं आणि एक म्हातारे गृहस्थ, हातात पेढ्यांचा पुडा. सरळ आमच्या पायरीवर आले आणि म्हणाले, "दाजीकाका आहेत का? त्यांचा फोटो बघूनच आलो आम्ही."

दाजी म्हणजे काकीचे यजमान. त्यांना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं.

पाहुण्यांशी काकी शुद्ध मराठीत बोलायची. ती म्हणाली, "ते नाहीत. बसा तुम्ही. फोटो कुठे बघितलात?"

त्यांनी कागद पुढे केला, वेबसाइटचं छापलेलं पान. त्यावर दाजी आमच्या पायरीवर बसलेले, खांद्यावर पंचा, हातात सोलकढीचा तांब्या, मागे आमचा निळा दरवाजा, आणि समोरच्याने काहीतरी म्हटल्यावर फुटलेलं ते हसू. कुणा जुन्या पाहुण्याने काढून इंटरनेटवर टाकलेला फोटो. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'वायंगणकरांच्या घरी आपलं स्वागत', आणि त्याखाली बाबलचा फोन नंबर.

काकीने कागद वाचला. त्यांना पाणी दिलं, चहा दिला. मग स्वतः त्यांच्या बॅगांतली एक उचलून त्यांना गडग्यापलीकडे घेऊन गेली. मी मागे.

"बाबल, तुझे पाहुणे इले हत. दाजी खंय म्हणान इचारतत. सांग तेंका."

बाबल गोड माणूस. अंगाला अत्तर, तोंडात 'वयनी, वयनी'. तो क्षणभरच गडबडला. "वयनी, दाजी माझो पण भाऊस होतो मा. भावाचो फोटो लावलो तर काय झाला?"

"जीप मागूक इल्लंय तेव्हा भाऊस नाय होतो काय रे?"

हे मला नंतर कळलं. दाजींना गोव्याच्या इस्पितळात न्यायचं होतं. वाडीत जीप एकट्या बाबलची. काकी अनवाणी गेली होती. जीप दारात उभी होती, आणि बाबल म्हणाला होता, "पाहुण्यांका किल्ल्यार न्हेवचां आसा, वयनी. शब्द दिलोसा." रिक्षा मिळेपर्यंत दुपार झाली. दाजी वाटेतच गेले, गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यापर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

ते पाहुणे बाबलकडेच राहिले, आगाऊ पैसे दिले होते. पेढ्यांचा पुडा मात्र ते म्हातारे गृहस्थ आमच्या पायरीवर ठेवून गेले. आणि दोन दिवसांनी बाबलने आपला दरवाजा निळा रंगवला.

काकी गडग्याशी उभी राहून रंग वाळेपर्यंत बघत होती. मग आत आली आणि मला म्हणाली, "बस. लिही."

बाबलचं पान साठवलं. शेपट्या तिने एकेक सांगितल्या, मध्ये थांबून, भाजीत मीठ घालावं तशा. 'मालवण'. 'वायंगणकर'. 'फसवणूक'. 'मेलेल्या-माणसाचा-फोटो'. इंग्रजी अक्षरांतही लिहून घेतल्या, म्हणजे मुंबईच्या कुणी कसंही शोधलं तरी सापडावं. शेजारी आकडा होता एक.

"एकट्याचां गाऱ्हाणां देव आयकणा नाय," ती म्हणाली. "मेळो होयो."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथल्या देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकार, म्हणजे देवाचा मानकरी, सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. जे काही संकट असेल ते सांगतो, आणि तो वाक्याला थांबला की जमलेली सगळी माणसं एका आवाजात म्हणतात, 'व्हय महाराजा'. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

काकीने इंटरनेटवर तेच मांडलं. पाहुणे निघताना बॅगा भरायचे. काकी त्यांच्या हातावर कोकमाची पुडी ठेवायची आणि म्हणायची, "माझं एक काम कराल?" मग फोटोची गोष्ट सांगायची. रडायची नाही, चढवून सांगायची नाही. जीपचं तर सांगायचीच नाही. ऐकणारा आपणच ओटीवर जाऊन बसायचा, आपलं खातं उघडायचा, त्याच शेपट्या लावून बाबलचं पान साठवायचा. काही जण घरी जाऊन आपल्या मित्रांकडून करवून घ्यायचे. आकडा एकाने वाढला की काकी जिथे असेल तिथून, चुलीपुढून, विहिरीवरून, म्हणायची, "व्हय महाराजा."

मलाही सवय लागली. खरं सांगते, त्या दिवसांत माझी भीती कमी झाली. दुसऱ्या कुणावर तरी राग धरायला मिळाला की माणूस स्वतःसाठी घाबरायचा थांबतो. बाबल रस्त्यात दिसला की मी खाली बघायची ती सरळ बघायला लागले.

त्या हंगामात बाबलच्या खोल्या रिकाम्या राहिल्या. दिवाळीला एक जोडपं आलं आणि दारातूनच परत गेलं. जीप दिवसेंदिवस माडाखाली उभी. काकी तिच्याकडे बघून म्हणायची, "आता रिकामी आसा. आता सगळ्यांका न्हेशीत."

पण मग आमच्याही खोल्या रिकाम्या राहायला लागल्या. आणि मथूच्याही.

मथू ही पलीकडची शेजारीण. तिने त्याच वर्षी सासऱ्यांशी भांडून दोन खोल्या बांधल्या होत्या, न्हाणीघरात गुलाबी फरशी घातली होती. ती एका सकाळी केस न बांधताच आली.

"इंदू, आमच्या घराक कित्याक आग लावलंस गो?"

"मी बाबलाक लावलंय."

"काल फोन इलो माका. बाई इचारता, फसवणारे वायंगणकर ते तुम्हीच का म्हणान. काय सांगू मी तिका? वायंगणकर नाय म्हणू?"

तेव्हा मला कळलं, आणि मला वाटतं तिलाही तेव्हाच कळलं. त्या वाडीतली झाडून सगळी घरं वायंगणकर. म्हणून वाडीत आडनाव कुणी वापरतच नाही. बावीकडचे म्हणजे विहिरीजवळचे, वरच्या घराकडचे, पोफळीतले, अशी माणसं ओळखली जातात. काकीला आडनाव म्हणजे हवेसारखं. बाबलने आपल्या पानावर ते ठळक छापलं, म्हणून तिने ते त्याचं समजून त्याच्या शेपटीला बांधलं. पण मुंबईच्या माणसाला पोफळीतले कोण आणि बावीकडचे कोण हे काय ठाऊक? त्याने 'मालवण' दाबलं, 'वायंगणकर' दिसलं, शेजारी 'फसवणूक' दिसलं, आणि त्याने अख्खी वाडी सोडून पुढचा गाव धरला.

"लंका जळली ती एकट्या रावणाची काय गो?" मथू म्हणाली. "शेजाऱ्यांची घरां पण जळलीच मा. काढून टाक सगळां."

"काढलंय तर तो सुटात."

"सुटांदे. आमी मरतंव."

"नाय काढूचंय."

मथूने पायरीवरून उतरताना जे म्हटलं ते मी लिहीत नाही. शेवट तेवढा लिहिते: "शिरा पडांदे तुझ्या त्या शेपटयेर."

वाडीने काकीशी बोलणं टाकलं. विहिरीवर ती गेली की बायका कळशी अर्धी भरून निघायच्या. मला कुणी काही बोलत नसे, पण माझ्याकडे बघून बोलायचे, 'भायली माणसां' वगैरे. मी पुन्हा खाली बघून चालायला लागले. मी एकदा धीर करून म्हटलं, "काकी, काढूया का?" ती म्हणाली, "दाजीक इचार." आणि भात ढवळायला गेली.

मग वाडीने गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. सकाळची वेळ होती, देवळात सगळी जमली. काकी जरीकाठी लुगडं नेसून गेली, मला बरोबर घेऊन. बायकांनी तिला जागा दिली, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी ठेवली. पुरुषांत बाबल पुढेच उभा, इस्त्रीचा पांढरा शर्ट.

आबा गावकाराने नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली.

"बा देवा महाराजा, आज ही वाडयेची सगळी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत."

"व्हय महाराजा."

"ह्या वाडयेच्या नावार कोणी काळां फासलां आसात, मुद्दाम म्हणा, चुकान म्हणा."

"व्हय महाराजा."

"तर त्या माणसाची बुद्धी सरळ कर. तेच्या रागान दुसऱ्याची चूल इझता ती इझाक देव नको."

नाव घेतलं नव्हतं. गाऱ्हाण्यात घेत नाहीत. पण सगळ्या देवळाला ठाऊक होतं, आणि बाबल हसत होता. काकीच्या नावाचं गाऱ्हाणं, आणि ती त्याच मेळ्यात उभी. आता ती गप्प राहील, नाहीतर निघून जाईल, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी उद्या त्या वाडीत आम्हाला जागा नाही, असं मला वाटलं.

"व्हय महाराजा," काकी म्हणाली. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने. मागच्या पोरांनी वळून बघितलं. ती देवाकडे बघत नव्हती. ती बाबलकडे बघत होती, आणि त्याचं हसू मी माझ्या डोळ्यांनी उतरताना पाहिलं.

परतताना मी विचारलं, "काकी, ते तुमच्याविषयीच होतं ना?"

"मगे कोणाविषयी?"

"मग तुम्ही व्हय का म्हटलंत?"

"आबा खोटा बोललो काय? मथूची चूल इझली ती माझ्यामुळेच." ती थोडं चालली. "पण देवाक तेना राग काढून टाक म्हणून नाय सांगल्यान. बुद्धी सरळ कर म्हणालो. ती करतंय आता."

तो पावसाळा आम्ही तेच केलं. फोनची लाइन रोज जायची, आली की बसायचं. आमच्या खात्यातून 'वायंगणकर' शेपटी काढली, ते सोपं होतं. पण ज्या पाहुण्यांनी लावली होती त्यांच्या खात्यात आपला हात पोचत नाही. तेव्हा काकीने एकेकाला फोन लावला. तिचं ते शुद्ध मराठी मला अजून ऐकू येतं: "नमस्कार, मी मालवणहून बोलतेय. तुमच्याकडे माझा एक शत्रू ठेवलेला आहे. त्याचं आडनाव तेवढं काढाल का? बाकी सगळं राहू द्या." एकाला वाटलं बाई चळली. दुसऱ्याने पाच मिनिटांत काढून परत फोन केला आणि आणखी काय लिहू विचारलं.

मग तिने मला वाडीत पाठवलं. मी घरोघर गेले. जिथे कळशी अर्धी भरून लोक निघत होते तिथे पायरीवर उभी राहिले आणि विचारलं, तुमच्याकडे काय चांगलं मिळतं, झाड कुठलं, खिडकीतून काय दिसतं. कुणी दार लावलं, कुणी सांगितलं. ज्यांचं पान होतं त्यांचं पान, ज्यांचं नव्हतं त्यांच्याविषयी कुणी प्रवाशाने कुठे चार ओळी लिहिल्या असतील तर त्या, असं सगळं आम्ही घराच्या नावाने साठवलं. 'बावीकडचं-घर'. 'पोफळीतलं-घर'. मथूच्या घराला काकीने स्वतः शेपट्या सांगितल्या: 'घावणे', 'गुलाबी-न्हाणी', 'भांडकुदळ-पण-खरी'.

मी म्हटलं, तिसरी कशाला? "माणसां त्याच शेपटयेर येतत बघ," ती म्हणाली. आली खरी. पुढच्या हंगामात एका पाहुण्याने मथूला विचारलं, तुम्ही भांडता कधी? मथू संध्याकाळी गडग्यावरून ओरडली, "इंदू, रांडे, काय लिवलंस ता." पण ओरडली म्हणजे बोलली. विहिरीवर कळश्या पुन्हा भरायला लागल्या.

सगळी घरं एकेक करून बाजूला काढल्यावर मध्ये एकटा बाबल उरला. आता त्याच्या आडोशाला आडनावसुद्धा नव्हतं. पान त्याचं, आणि खाली आता नव्याने लावलेल्या शेपट्यांसकट 'चोर', 'मेलेल्या-माणसाचा-फोटो', 'दार-नंतर-रंगवलं'. हे करताना मला जो आनंद झाला तो मी इथे लपवत नाही. बारीक काटा काढावा तसा तो सगळ्या वाडीतून वेगळा निघाला.

तो आला एका संध्याकाळी. पायरीखालीच उभा राहिला. अत्तर नव्हतं.

"वयनी, काढ आता. माझी पोरां आसत."

"एक कर. तुझ्या पानार लिही, हो फोटो दाजीचो, पायरी इंदूची, आणि मी न इचारता घेतलंय. लिहिलंस की त्याच घडयेक काढतंय."

"माझ्याच पानार मी असां लिहू?"

"लिही नको. मी लिहिलंयच आसा."

मला वाटलं लिहील. दोन शब्दांचं काम होतं. पण तो गेला, आणि लिहिण्याऐवजी त्याने नाव बदललं. घराला कुठल्यातरी फुलाचं नाव दिलं, नवं पान केलं, त्याच्यावर दाजींचाच फोटो, फक्त दरवाजा कापलेला. काकीने ते तिसऱ्या दिवशी शोधून काढलं. जुन्या पाहुण्यांना कळवलं. पुन्हा बदललं, पुन्हा सापडलं. फोटो काही तो काढत नव्हता. हट्ट म्हणावा की गरज, त्या हसण्यावर माणसं येतात हे त्यालाही कळलं होतं. शेवटी त्याने जीप विकली, खोल्यांना कुलूप लावलं आणि मुंबईला मेव्हण्याकडे गेला.

जीप नेणारा माणूस आला तेव्हा काकी पडवीत सुपारी कातरत होती. जीप वळणावर दिसेनाशी झाल्यावरच तिने पुढचं खांड घेतलं.

दोन हजार दहाला माझ्या नवऱ्याचं काम संपलं आणि आम्हाला नाशिकला यावं लागलं. आज मी इथे एका वसतिगृहाच्या कोठीवर आहे. माल मागवणं, हिशेब, सगळं कॉम्प्युटरवर करते, आठवीवाली. लोक विचारतात कुठे शिकलात, तेव्हा मी मालवण म्हणते. ज्या बाईने हे शिकवलं तिला लोक खुनशी म्हणत. होतीच. माझ्या आयुष्यात माझ्या बाजूने इतकं खुनशीपणाने कुणी उभं राहिलं असतं तर मी आठवीनंतरही शिकले असते.

निघायच्या सकाळी बॅग भरून ओटीवर आले. काकी नेहमीसारखी खुर्चीत, चहा संपवून. पडद्यावर बाबलचं पान उघडायला लावलेलं. ते उघडलं नाही. 'हे पान सापडले नाही' एवढंच आलं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"बंद झालं काकी," मी म्हटलं. "त्याने पैसे भरले नसतील. जिंकलात तुम्ही."

ती पडद्याकडे बघत राहिली. दाजींचा तो फोटो तिच्या कपाटात होता, छापलेला. पण रोज सकाळी ती कपाट उघडत नसे.

"बस वायच," ती म्हणाली. "एक शेपटी लावूची आसा."

"मेलेल्या पानाला? कोण बघणार आता?"

"लिही तू."

मी बॅग खाली ठेवली आणि बसले. एसटीची वेळ होत आली होती.

"लिही, 'हय-दाजी-हसत-होतो'."

मी लिहिलं. मध्ये आडव्या रेघा घातल्या, तिने शिकवल्या तशा. मग मला वाटलं, आता सगळं संपलंच आहे, तर विचारावं.

"आणि ते 'चोर' काढू?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पहिल्या दिवशीची झाले.

"कित्याक?" ती म्हणाली. "रवांदे."